आधी हजार किलोमीटर, मग ॲव्हरेज

पाडव्याला किंवा दसऱ्याला घरात नवी मोटारसायकल आली की हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखालचं लिंबू आणि पेढे यांच्या पाठोपाठ एक प्रश्न येतोच. शेजारी विचारतात, मेव्हणा विचारतो, पंपावरचा पोरगाही विचारतो, ‘किती ॲव्हरेज देते?’ गाडी अजून पन्नास किलोमीटरही चाललेली नसते, तरी मालक ठोकून देतो, ‘सत्तर!’ हा आकडा त्याने मोजलेला नसतो. तो शोरूममधून गाडीसोबतच घरी आलेला असतो.

ज्यांनी नुकतीच १०० ते १२५ सीसीची गाडी घेतली आहे किंवा येत्या मुहूर्तावर घ्यायची ठरवली आहे, त्यांना एक विनंती. पहिले हजार किलोमीटर ॲव्हरेजचं नाव काढू नका. त्या काळात गाडी सांभाळून चालवा, स्वतःचा हात बसू द्या, पहिली सर्व्हिसिंग वेळेवर करा. त्यानंतर ॲव्हरेज नीट रीतीने मोजा आणि जो आकडा येईल तो मान्य करा. तो दोन-चारने वाढावा म्हणून जिवावर बेतेल असे उद्योग करू नका.

ॲव्हरेजची चौकशी करण्यात गैर काहीच नाही. एके काळी रस्त्यावर राजदूत आणि येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, निळा धूर सोडत जायचं आणि महिनाअखेरीला पंपाकडे न बघता पुढे जायचं. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि छोटं फोर-स्ट्रोक इंजिन किती कमी पेट्रोलवर भागवतं हे पगारदार माणसाला कळलं. तेव्हापासून आपल्याकडे मोटारसायकल खिशाचा हिशोब करूनच घेतली जाते. दूधवाला असो, एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार असो की दोन गावं पलीकडच्या शाळेवरचे गुरुजी असोत, त्यांनी लिटरचा हिशोब करायलाच हवा. फक्त तो गाडी घेतल्याच्या आठवड्यात होत नाही.

इंजिन रुळू द्या

नव्या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच बारीक तिरकस रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा या रेघांवर घासत घासत भिंतीशी जुळतात. त्या पूर्ण जुळेपर्यंत घर्षण जास्त असतं आणि दाब थोडा निसटतो. कोल्हापुरी चप्पल पायात बसेपर्यंत चावते, तसाच हा काळ. त्यामुळे पहिल्या एक-दोन टाक्यांना ॲव्हरेज कमी लागलं तर ‘कंपनीने फसवलं’ म्हणून शोरूमवाल्याशी भांडायला जाऊ नका.

या काळात किती वेगाने चालवायचं हे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. १०० सीसीच्या अनेक गाड्यांना सुरुवातीला ताशी ४५-५० च्या आत राहायला सांगतात. पुस्तिका विम्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवू नका, एकदा वाचा. वेगाच्या मर्यादेइतकंच वेग बदलता ठेवणंही महत्त्वाचं आहे. नवी गाडी घेऊन लगेच लांबच्या देवदर्शनाला निघायचं आणि महामार्गावर तीन तास एकाच वेगाने जायचं, हे रिंगांना मानवत नाही. गावातला, वळणावळणाचा, वेग कमी-जास्त होणारा रस्ता या वेळी चांगला.

दुसरी चूक उलट्या बाजूची. ‘पेट्रोल वाचतं’ म्हणून वीस-पंचवीसच्या वेगाला टॉप गिअर टाकून गाडी ओढत नेणारे पुष्कळ आहेत. इंजिन घरघरतं, टाकी थरथरते, चेनला हिसके बसतात. यात पेट्रोल फारसं वाचत नाही आणि नव्या इंजिनाचे हाल मात्र होतात. गाडी कण्हायला लागली की एक गिअर उतरवा. न्यूट्रलमध्ये उगाच रेस देऊ नका. सकाळी गाडी ‘गरम करायला’ पाच मिनिटं सुरू ठेवायचीही गरज नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आहे, चोक गेला. स्टार्ट करा, हेल्मेट घाला आणि पहिला किलोमीटर हळू जा, तेवढ्यात गाडी गरम होते.

पहिली सर्व्हिसिंग बहुतेक कंपन्या ५०० ते ७५० किलोमीटरच्या आसपास सांगतात. ‘गाडी तर नवीच आहे, ऑइल स्वच्छ दिसतंय’ म्हणून ती पुढे ढकलू नका. रिंगा आणि गिअर जुळताना निघालेला धातूचा बारीक चुरा त्याच ऑइलमध्ये फिरत असतो. पुढेही ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच टाका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. चारचाकीचं ऑइल स्वस्तात मिळालं म्हणून ओतलं तर क्लच घसरू शकतो. मग रेस वाढते, पण गाडी पुढे सरकत नाही आणि पेट्रोल वाया जातं.

हातही बसायला हवा

गाडीइतकेच तुम्हीही नवे आहात. वीस वर्षं गाडी चालवत असलात तरी या गाडीला नवे आहात. काही गाड्यांचे सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींचा पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या गाडीची सवय पायात असते, आणि घाईच्या वेळी पाय जुन्या सवयीनेच चालतो. म्हणून पहिल्या रविवारी शाळेच्या किंवा बाजाराच्या रिकाम्या मैदानावर अर्धा तास काढा. तीसच्या वेगाला दोन्ही ब्रेक एकत्र दाबून गाडी सरळ थांबते का पाहा. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते या भीतीने जन्मभर फक्त मागचा ब्रेक वापरणारे लोक आहेत. खरं तर गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचं चाक करतं. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं आहे. एकत्रित ब्रेकच्या गाडीत पायाने मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याची ओळख मैदानावर करून घ्या, भर चौकात नको.

नवे टायर पहिले शंभरेक किलोमीटर थोडे निसरडे असतात. वळणावर गाडी फार झुकवू नका, ओल्या रस्त्यावर तर नाहीच. समोरून येणारा कोणी पंजा उघड-मिट करून ‘लाईट चालू आहे’ अशी खूण करेल. त्याला हात दाखवा आणि पुढे जा. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो आणि तो तसाच असायचा आहे. त्यामुळे ॲव्हरेज घटतं या समजाने गॅरेजमध्ये जाऊन वायर कापून घेणारे महाभाग भेटतात. तो दिवा समोरच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसावे म्हणून आहे.

मागे बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. साडीचा पदर, ओढणी, बुरखा, रेनकोटचं टोक, सगळं आवरून घेऊनच गाडी हलवा. मागच्या चाकाला साडी गार्ड असणं नियमाने बंधनकारक आहे. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून तो काढून टाकू नका. हेल्मेट मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दोघांनाही लागतं. नव्या दुचाकीसोबत कंपनीने हेल्मेट द्यावं असा केंद्रीय नियमही आहे. शोरूममध्ये आठवणीने मागा, आणि त्यावर आयएसआयची खूण आहे का बघा.

ॲव्हरेज मोजायचं कसं

हजार किलोमीटर झाले, पहिली सर्व्हिसिंग झाली. आता मोजा. पण शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून ‘बघू कुठवर जाते’ ही रीत सोडा. टाकी रिकामी होऊन गाडी बंद पडेपर्यंत चालवणंही बरं नाही. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप बहुधा टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो.

सोपी आणि खरी रीत टाकी ते टाकी. गाडी स्टँडवर सरळ उभी करा. टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, तोंडापर्यंत भरायचा हट्ट नको. मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. रोजच्यासारखी गाडी चालवा. किमान तीनशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा फुल करा. या वेळी जेवढे लिटर बसले तेवढंच तुम्ही जाळलं. किलोमीटरला लिटरने भागा.

तीनशे किलोमीटरच का? हिशोब पाहा. समजा गाडी खरोखर ६० देते. तुम्ही ६० किलोमीटर चालवून टाकी भरली, पण भरताना पातळीत एका कपाचा, म्हणजे ०.२ लिटरचा फरक पडला. गाडी जरा कललेली असली तरी एवढा फरक पडतो. एका लिटरऐवजी ०.८ लिटर बसलं तर उत्तर येतं ७५. १.२ बसलं तर उत्तर ५०. गाडी तीच, रस्ता तोच. आता तीनशे किलोमीटरनंतर मोजलं आणि चूक तेवढीच झाली, तर ४.८ लिटरला ६२.५ आणि ५.२ लिटरला ५७.७. नऊशे किलोमीटरची बेरीज घेतली तर फरक जेमतेम एका किलोमीटरचा उरतो. कट्ट्यावर ‘माझी पंचाहत्तर देते’ म्हणणारा आणि ‘माझी पन्नासच देते’ म्हणून कपाळाला हात लावणारा, दोघे बहुतेक वेळा एकच गाडी चालवत असतात.

पंपावर आकडा शून्यावर आहे ना, हे बघायची सवय ठेवा. शंभरऐवजी एकशे दहाचं टाकलं की माप बरोबर मिळतं, हा तोडगा सगळीकडे ऐकू येतो. त्यात तथ्य नाही. शंका असेल तर पंपावर ठेवलेलं ५ लिटरचं प्रमाणित माप मागा. ग्राहकाला ते मागता येतं.

आता कंपनीच्या आकड्याबद्दल. तो आकडा खोटा नसतो, तो खोलीतला असतो. चाचणीत गाडीचं चाक रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत हे काम चालतं. त्या रोलरवर खड्डा नसतो, गतिरोधक नसतो, आडवं येणारं कुत्रं नसतं आणि मागे बायको-पोरं बसलेली नसतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला; महिन्याचं पेट्रोल ठरवायला तुमचा स्वतःचा आकडा घ्या.

जुन्या आकड्यांशीही तुलना नको. काकांची गाडी पंधरा वर्षांपूर्वी किती देत होती, ते त्या वेळच्या पेट्रोलवर. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर त्यातलं काही भरून निघतं, सगळं नाही. नवी गाडी हे पेट्रोल सोसेल अशाच साहित्याची असते, तेव्हा घाबरू नका. मात्र इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर नीट ठेवा आणि गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी करून ठेवू नका.

सीएनजीच्या मोटारसायकलचाही हिशोब वेगळा करा. जुलै २०२४ मध्ये पुण्यात बजाजची फ्रीडम १२५ आली. तिच्या गॅसचा आकडा किलोमागे असतो, लिटरमागे नाही. पेट्रोलच्या गाडीशी तिची तुलना करायची तर दोन्हीकडे रुपयामागे किती किलोमीटर, ते काढा.

पेट्रोल कुठे जातं

पहिली जागा मनगटात. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४५ ऐवजी ६५ ने गेलात तर वारा दुपटीहून जास्त जोराने मागे ओढतो. जेमतेम आठ अश्वशक्तीच्या इंजिनाला हे फार होतं. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याचे एवढ्या वेगाने आठ-नऊ मिनिटं वाचतात, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर.

दुसरी जागा चाकात. दर पंधरवड्याला हवा तपासा, आणि गाडी थंड असताना तपासा. किती हवा भरायची हे गाडीवरच्या स्टिकरवर असतं. मागच्या चाकासाठी एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो. हवावाल्याने ‘टाकली अंदाजाने’ म्हटलं तर मीटर लावायला सांगा.

तिसरी जागा चेन आणि ब्रेक. हे घरी दोन मिनिटांत बघता येतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद, न्यूट्रल. मागचं चाक हाताने फिरवा. ते सहज दोन-चार फेरे फिरलं पाहिजे. अर्ध्या फेऱ्यात थांबलं, खर्र असा आवाज आला, तर ब्रेक लागून राहिलाय. मग खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. साधारण बोटभर हलली तर ठीक. तटतटीत असेल किंवा लोंबत असेल तर सेट करून घ्या. नवी चेन पहिल्या काही आठवड्यांत थोडी सैल पडतेच. कोरडी दिसली तर ऑइल किंवा चेन स्प्रे, आणि हे करताना इंजिन सुरू नको. चेनमध्ये बोटं जायला क्षणही लागत नाही.

चौथी जागा सवयींची. अर्धा क्लच दाबून गर्दीत सरकत राहणं, ब्रेकच्या पट्टीवर पाय विसावणं, मोठ्या सिग्नलला दीड मिनिट इंजिन सुरू ठेवणं. आणि ओझं. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांची भारक्षमता १३० किलोच्या आसपास असते. पासष्ट-सत्तर किलोची दोन माणसं बसली की ती संपली. वर पन्नास किलोचं पोतं टाकून ॲव्हरेज विचारायचं नाही.

शंभर रुपयांसाठी जीव नको

आता पैशांत बोलू. रोज तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. गाडी ६० देत असेल तर साडेबारा लिटर. ६५ देत असेल तर साडेअकराच्या जरा वर. फरक साधारण एका लिटरचा, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. पाच किलोमीटरचं ॲव्हरेज वाढवून महिन्याला एवढंच हाती येतं. ते जरूर वाचवा, पण हवा, चेन आणि मनगट सांभाळून वाचवा.

घाट उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल टाकून गाडी सोडणारे याच शंभर रुपयांसाठी ते करतात. कुंभार्ली असो की आंबोली, उतारावर गिअरमधलं इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ते बंद केलं की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासे होतात. शिवाय बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर पेट्रोलच बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला थोडं पेट्रोल जातच राहतं. म्हणजे धोका पत्करूनही पेट्रोल वाचत नाही. ॲव्हरेज वाढवायची लोहचुंबकं, गोळ्या, सेन्सरशी खेळ करणारे जुगाड यांच्याही नादी लागू नका. शेकड्यांची बचत करायला हजारांचा खर्च आणि वर वॉरंटीवर पाणी.

एक छोटी वही करा. तारीख, किलोमीटर, लिटर, एवढे तीनच रकाने. दर टाकीला एक ओळ. या वहीचा उपयोग कट्ट्यावर फुशारकी मारायला नाही. चार महिने गाडी ५८-६० देत असेल आणि सलग दोन टाक्यांना ५० वर आली, तर काहीतरी बिघडलंय, हे तुम्हाला ती सगळ्यात आधी सांगेल. मग आधी हवा बघा, मग चाक फिरवून ब्रेक, मग चेन, मग एअर फिल्टर. तरीही आकडा वर आला नाही तर गॅरेजला जा, पण ‘ॲव्हरेज पडलंय’ एवढंच सांगू नका. वही पुढे ठेवा आणि कोणत्या तारखेपासून पडलं ते दाखवा. मेकॅनिकला नेमकं काय शोधायचं ते कळेल, आणि न लागणारा एखादा पार्ट बदलून घेण्याचा तुमचा खर्चही टळेल.